गुलाबाच्या पाकळ्या सारख्या काळ्या पडतायत? आधी डाग कुठं पडलाय ते बघा

सोलापुरात गच्चीवर गुलाब लावणाऱ्या बहुतेकांची एकच तक्रार असते, झाड हिरवंगार आहे, कळ्या पण भरपूर धरतायत, पण फूल उमललं की पाकळ्यांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी. सजावट करणाऱ्यांची तक्रार वेगळी, की सकाळी मंडईतनं किलोवर सुट्या पाकळ्या आणल्या आणि संध्याकाळी डोहाळजेवणाच्या टायमाला पिशवी उघडली तर निम्म्या काळ्या पडलेल्या, खाली पाणी सुटलेलं, वास पण आंबूस. वरवर बघितलं तर ह्या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध वाटत नाही, पण दोन्हीकडं कारण शोधायची पद्धत एकच आहे. पाकळी तळहातावर घ्या, उजेडाकडं धरा आणि काळेपणा नेमका कुठं सुरू झालाय ते बघा. कडेला सलग आहे का तुटक आहे, मधेच ठिपके आहेत का घडीवर रेघ आहे, का डाग कुठंच नाही पण पूर्ण पाकळीचाच रंग उतरलाय. एवढं बघितलं तरी निम्मं काम होतं. हे न बघता लोक थेट औषधाच्या दुकानात जातात, दुकानदार समोर असेल ती बाटली देतो, आणि पुढच्या महिन्यात परत तेच.

आधी पाकळी काळी का पडते ते समजून घ्या. पाकळी म्हणजे पाण्यानं भरलेल्या पेशींचा अगदी पातळ थर. त्या पेशी फुटल्या किंवा वाळल्या की आतल्या रसाला हवा लागते आणि तिथं तपकिरी रंग येतो, चिरून ठेवलेलं सफरचंद लाल पडतं तसंच. म्हणजे डाग जिथं आहे तिथंच पेशी मेल्यात. आता त्या कशानं मेल्या, मिठानं का उन्हानं का किड्यानं का हाताच्या दाबानं, हे डागाच्या जागेवरनं आणि आकारावरनं कळतं.

आपल्याकडं सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार म्हणजे कड सगळीकडनं सारखी वाळलेली, कुरकुरीत, आणि त्याच झाडाच्या जुन्या पानांच्या कडा पण तशाच करपलेल्या. कुंडीतल्या मातीवर आणि कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरा थर दिसत असेल तर मग शंकाच नको, हा रोग नाही, हे पाण्यातले क्षार आहेत. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आलेलं पिण्याला आणि स्वयंपाकाला साठवायचं, मग कुंड्यांना बोअरचं जड पाणी जातंय. त्यात भर म्हणून आरओ मशिनचं बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक ते कुंडीत ओततात. पाणी वाचवायची भावना खरंच चांगली आहे, पण मशिननं चांगलं पाणी बाजूला काढून सगळे क्षार त्या उरलेल्या पाण्यात सोडलेले असतात. बोअर असेल तर ते मूळ बोअरच्या पाण्यापेक्षाही खारं असतंय. ते फरशी पुसायला वापरा, संडास-बाथरूमला वापरा, गुलाबाला नको.

उन्हाळ्यात अजून एक चोर असतो, कूलर. कूलरच्या टाकीतलं पाणी उडून जातं पण क्षार उडत नाहीत, ते मागंच राहतात, आणि आपण रोज वरनं नवीन पाणी ओततो म्हणजे टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जास्तच खारट होत जातं. पॅडवर जो पांढरा खडखडीत थर बसतो तो हाच. आठवड्यानं टाकी रिकामी करताना ते पाणी कुंड्यांत ओतायची सवय बऱ्याच घरांत आहे, आणि नेमकं एप्रिल-मे महिन्यात गुलाब करपले की सगळा दोष उन्हावर जातो. एसीतनं ठिबकणारं पाणी मात्र बिनधास्त घाला, ती हवेतली वाफ गार होऊन पडलेली असते, त्यात क्षार जवळजवळ नसतात, फक्त बादली स्वच्छ ठेवा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, बघायचं पेनासारखं मीटर स्वस्तात मिळतंय, घरातल्या सगळ्या पाण्यांत एकदा बुडवून बघा. आकडा ५०० च्या आत असला तर गुलाबाला अडचण नाही, हजाराच्या वर गेला तर त्या पाण्यावर कुंडीतला गुलाब फार दिवस सुखानं राहणार नाही.

ह्याचा उपाय म्हणजे माती धुणं. मातीवरचा पांढरा थर खुरप्यानं खरवडून फेकून द्या, कुंडीखालची ताटली काढा आणि कुंडीच्या मापाच्या साधारण दुप्पट चांगलं पाणी हळूहळू, थांबत थांबत घाला म्हणजे खालच्या भोकातनं क्षार धुऊन निघतील. १२ इंची कुंडी असेल तर दोन बादल्या लागतात. नळाचं पाणी येईल त्या दिवशी एक-एक कुंडी धरली तरी चालतंय, सगळ्या एकाच दिवशी धुवायला पाहिजेत असं काही नाही. धुतल्यावर खत पण वाहून जातं म्हणून आठवडाभरानं थोडं गांडूळखत घाला. आणि पाऊस लागला की कुंड्या पत्र्याखाली ठेवू नका, उघड्यावर येऊ द्या, पावसासारखं पाणी विकत घेऊन पण मिळणार नाही. खाली ताटली ठेवून साचलेलं पाणी परत कुंडीनं ओढून घ्यायची पद्धत तर पूर्ण बंद करा, निघून गेलेलं मीठ तुम्ही परत आत पाठवताय.

कड करपलेली आहे पण फक्त पश्चिमेकडच्या किंवा सगळ्यात वरच्या फुलांची, आणि पानं चांगली आहेत, तर मग ते ऊन. पारा ४२ च्या वर गेल्यावर गच्चीचा स्लॅब खालनं भाजतो आणि ऊन वरनं. मार्चच्या मध्यापासून पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत ५० टक्क्यांची शेडनेट, निदान दुपारनंतरचं ऊन अडेल अशी. कुंड्या थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवा, एकमेकीला चिकटवून गोळा करून ठेवा म्हणजे मधल्या कुंड्यांना बाहेरच्यांची सावली मिळते, नर्सरीची काळी पिशवी असेल तर बदला कारण ती फार तापते. मातीवर वाळलेला पालापाचोळा किंवा उसाच्या पाचटाचा जाड थर द्या. पाणी सकाळी उजाडायच्या सुमाराला, भरपूर, खालच्या भोकातनं बाहेर येईपर्यंत. थोडं थोडं शिंपडलेलं पाणी वरच्या दोन बोटं मातीतच राहतं आणि मुळ्या वर येऊन भाजतात. आणि मे महिन्यात मोठ्या, गडद लाल फुलाची अपेक्षाच ठेवू नका, जास्त तापमानात लाल रंगद्रव्य कमी तयार होतं, फूल लहान आणि फिक्कं येणारच. कळ्या मूगाएवढ्या असतानाच खुडून टाकल्या तर झाडाची ताकद वाचते. मन होत नाही खुडायला, माहीत आहे, पण पुढच्या हंगामासाठी ते झाडाला लई उपयोगी पडतं.

आता तिसरा प्रकार, आणि हा परत परत येणारा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. कळी धरते, फुगते, पण एका बाजूनं वाकडी होते किंवा उमलतच नाही. उमललीच तर पाकळ्यांच्या कडा तुटक तुटक तपकिरी, मधे फिकट ओरखड्यासारख्या रेघा. हे फुलकिडे, ज्याला दुकानात थ्रिप्स म्हणतात. खात्री करायची असेल तर पांढरा कागद फुलाखाली धरा आणि फुलावर दोन-तीन टिचक्या मारा, सुतळीच्या तुसासारखे बारीक पिवळट-तपकिरी किडे पळताना दिसतील. पांढऱ्या आणि पिवळ्या गुलाबांवर जास्त येतात, शिवाय त्यांच्यावर डाग पण उठून दिसतात. कोरडी गरम हवा त्यांना मानवते, म्हणजे आपल्याकडं फेब्रुवारीपासून सुरूच.

औषध मारून पण हे परत का येतात, तर किडा बंद कळीच्या आत पाकळ्यांच्या घडीत बसलेला असतो, तिथं फवारा पोचतच नाही. आणि त्याचं आयुष्य फक्त फुलात जात नाही, पूर्ण वाढ व्हायच्या आधी त्यातले बरेचसे खाली मातीत उतरतात, तिथं कोषात राहतात आणि परत वर येतात. म्हणून एकदा फवारून काहीच होत नाही. डागाळलेली फुलं आणि वाकड्या कळ्या कापून पिशवीत बांधून घराबाहेर टाका, कुंडीत गळलेल्या पाकळ्या रोज वेचा, मातीचा वरचा थर खुरप्यानं हलवत राहा. कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, नीट ढवळून ऊन उतरल्यावर फवारा, आणि ५-६ दिवसांच्या अंतरानं निदान तीन वेळा. निळे चिकट सापळे फुलांच्या उंचीला लावा. युरियाचा हात आखडता घ्या, कोवळी लुसलुशीत फूट म्हणजे त्यांना आमंत्रणच. आणि ज्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदाला किंवा पानात घालायला वापरता त्याच्यावर दुकानातलं विषारी औषध अजिबात नको, मग भले चार फुलं वाया जाऊ देत.

जूनचा पहिला पाऊस पडल्यावर पाकळ्यांना आणि पानांना रात्रीतनं भोकं पडली तर ते फुलकिडे नाहीत, ते हुमणीचे भुंगेरे, कडुनिंबावर पण तेच दिसतात. रात्री आठ-नऊला बॅटरी घेऊन वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका, थोड्या दिवसांत जातात आपोआप.

पाकळीच्या मधोमध गोल ठिपके, आधी गुलाबीसर ओले आणि मग तपकिरी, बोट लावलं तर चिकट, ही करडी बुरशी. आपली हवा कोरडी म्हणून घरच्या झाडावर ही फार येत नाही, आली तर पावसाळ्यात किंवा रोज संध्याकाळी फुलांवर पाईप मारणाऱ्यांकडं. पण विकत आणलेल्या पाकळ्यांत मात्र हीच जास्त भेटते.

तर आता विकत घेण्याकडं येतो. मंडईत ढीग लावलेला असतो तो वरनं बघून घेऊ नका. वरचा थर ताजा असतो आणि सारखं पाणी मारून टवटवीत ठेवलेला असतो. हात आत घाला. आत ऊब लागली तर सोडून द्या, पाकळ्या तोडल्या तरी त्यांचा श्वास चालूच असतो आणि ढिगात कोंडली की उष्णता वाढत जाते, ऊब म्हणजे आत सडायला सुरुवात झालेली आहे. मग एक पाकळी बोटांत घेऊन हलकी दुमडा, ताजी असेल तर स्प्रिंगसारखी सरळ होते, शिळी असेल तर दुमड तशीच राहून पाच मिनिटांत तिथं काळी रेघ उमटते. लाल पाकळीवर निळसर-जांभळी झाक आली असेल तर ती वयानं आलेली असते, म्हातारं होताना पाकळीतल्या रसाची आम्लता कमी होते आणि लाल रंग निळ्याकडं झुकतो. तिला पाणी मारून काही उपयोग नाही.

कुठला गुलाब घ्यायचा हे कामावर आहे. देवासमोर, पाद्यपूजेला, पालखीवर उधळायला देशी गुलाब, त्याला वास असतो तो डच गुलाबाला नसतो, पण पाकळी पातळ असते, दोन-तीन तासांत मान टाकते. दक्षिण सोलापूर तालुक्यात वडजीकडं गुलाबाची शेती आहे, ओळखीनं पहाटे तोडलेला माल मिळत असेल तर दुसरं काही बघू नका. वाढदिवस, हळद, बारसं, जिथं जमिनीवर नक्षी काढून संध्याकाळभर दिसली पाहिजे तिथं पॉलिहाऊसचा डच गुलाब, पाकळी जाड, कड मजबूत. सुटी पाकळी घेण्यापेक्षा आख्खी फुलं घ्या आणि घरी सोडवा, हा माझा ठाम आग्रह आहे. एका फुलातनं तीसेक पाकळ्या निघतात, बाहेरच्या दोन-तीन हिरवट करपलेल्या काढून टाकायच्या. आज उमलून मोठी झालेली फुलं फुलवाले संध्याकाळी कमी भावात देतात कारण गुच्छाला ती चालत नाहीत, पाकळ्यांसाठी तीच सगळ्यात चांगली, देठाला बोट लावून बघा घट्ट असेल तर घ्या. सोडवताना पाकळी ओढायची नाही, फूल उलटं धरून देठाजवळ हलकं पिळायचं म्हणजे बोटांचे ठसे पडत नाहीत. ज्या पाकळ्यांवर आडव्या रेघा आणि बोटाएवढे काळे डाग असतात ते सगळे हाताळणीचे असतात, पोत्यात दाबून भरल्याचे.

आणलेल्या पाकळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवणं हेच बहुतेक ठिकाणी काळेपणाचं मूळ आहे. त्यातनं उन्हातनं टू-व्हीलरच्या हुकाला लटकवून आणल्या म्हणजे तर विषयच संपला. पसरट डबा किंवा खोका घ्या, खाली वर्तमानपत्र, त्यावर कोरडं सुती कापड, पाकळ्या दोन-तीन बोटं जाडीच्या थरात, वर परत कापड, झाकण किंचित उघडं. धुवू नका, पाणी शिंपडू नका, ओल्या असतील तर आधी पंख्याखाली पाच-दहा मिनिटं वरचं पाणी जाऊ द्या. मग फ्रीजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात, आणि तिथं केळी, आंबे, पेरू, सफरचंद असतील तर ते बाहेर काढा. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्यानं पाकळ्या लवकर म्हाताऱ्या होतात. अशा ठेवल्या तर आदल्या संध्याकाळच्या पाकळ्या दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाला व्यवस्थित वापरता येतात. फ्रीजरमध्ये मात्र नको, आत बर्फ होऊन पेशी फुटतात आणि बाहेर काढल्यावर नुसता काळा लगदा.

अंथरायचं काम सगळ्यात शेवटी, पाहुणे यायच्या तासभर आधी. फॅन आणि हॅलोजन खाली पाकळी वाळते, तिथं आधीच नक्षी काढून ठेवू नका. झेंडू धुतलेला ओला असेल तर तो निथळू द्या मग शेजारी लावा, नाहीतर गुलाबाला डाग लागतात. ग्रॅनाइट किंवा टाईल्सच्या पायऱ्यांवर पाकळ्या टाकू नका, म्हातारी माणसं घसरतात, हे खरंच मनावर घ्या. कापडी पाकळ्या परत परत वापरता येतात पण स्वस्तातल्या गडद लाल पाकळ्यांचा रंग ओल्या फरशीवर सुटतो, आधी एक पाकळी ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून बघा, आणि पणत्यांच्या आसपास त्या अजिबात नकोत कारण ते पॉलिस्टर असतं, पटकन वितळतं आणि पेट घेतं. वाळवून ठेवायच्या असतील तर गडद लाल घेऊ नका, वाळल्यावर त्या काळ्याच दिसतात, गुलाबी किंवा मध्यम लाल घ्या आणि सावलीत वाळवा. आणि बाजारातल्या सजावटीच्या पाकळ्यांचा उरला माल म्हणून गुलकंद घालू नका, त्याच्यावर काय फवारलंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

घरचं झाड मुळातच ताकदीचं नसेल तर वरचं सगळं करून पण पाकळी पातळच येते. आपली काळी माती कुंडीत एकटी चालत नाही, ओली असताना चिखल आणि वाळली की भेगा, वर चुन्याचं प्रमाण जास्त. लाल माती, कुजलेलं शेणखत आणि धुतलेलं कोकोपीट सारखं मिसळा. कोकोपीट न धुता घातलं तर त्यातनं पण मीठच येतं. नर्सरीतनं आणलेल्या रोपाच्या मुळाशी चिकट लाल मातीचा गोळा असतो, तो वाळला की दगड होतो आणि पाणी बाजूनं निघून जातं, म्हणून लावायच्या आधी बादलीत भिजवून बाहेरची माती हळूच सैल करा. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय, चिलेटेड लोह लिटरला १ ग्रॅम फवारा. आणि कलमाच्या जोडाखालनं आलेला फुटवा लगेच उपटून काढा, बहुतेक वेळा त्याच्या पानाला सात पानोळ्या, म्हणजे एका देठावरची छोटी पानं, असतात, वरच्या कलमाला पाच. तो जंगली खुंट वाढला की दोन वर्षांत तुमचा लाल गुलाब गायब होतो आणि लोकांना वाटतं झाडानं रंग बदलला.

राहिली छाटणी. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, धारदार कात्रीनं बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप, आणि कापलेल्या तोंडाला कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट, नाहीतर शेंड्याकडनं खाली काळी पडत येणारी मर लागते. छाटणीपासून फूल यायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात, म्हणजे पहिला बहर नोव्हेंबर अखेर-डिसेंबरच्या सुरुवातीला, लग्नसराईच्या तोंडावर. गड्ड्याच्या वेळी, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत, नंदीध्वजावर घरची फुलं वाहायची असतील तर त्या पहिल्या बहराची वाट बघत बसू नका. एक-दोन झाडं बाजूला धरा, त्यांच्या कळ्या रंग दाखवायला लागल्या की नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पाच पानोळ्यांच्या दुसऱ्या पानाच्या वर कापून घ्या. थंडीत फूट जरा सावकाश येते म्हणून चार-पाच दिवस जास्तीचे धरा, म्हणजे संक्रांतीच्या आठवड्यात दुसरा बहर हातात असतो.